मधली खुर्ची

मला आधी दिसले ते त्याचे बूट. कारण मी प्रयोगशाळेतल्या टेबलाखाली होते आणि तो दारात. डाव्या बुटाची नाडी सुटलेली.

"काका, बझर झाला का दुरुस्त?"

"शिपाईकाका चहाला गेलेत. आणि बझर मी करतेय," मी खालूनच म्हणाले.

बूट दचकले. मग गुडघे खाली आले, मग चेहरा.

अरे देवा... हा तर प्रश्नमंजुषा मंडळाचा कॅप्टन! दहावी ब. इतिहासातलं कुठलंही साल झोपेतून उठवून विचारा, सांगतो. म्हणून सगळी शाळा त्याला 'आजोबा' म्हणते. मला शाळा 'म्यूट' म्हणते. पाचवीत असताना मी भर वर्गात सरांना चुकून 'बाबा' म्हणाले होते. वर्ग इतका हसला, की त्यानंतर पाच वर्षं मी हात वर केला नाही. उत्तरं यायची हो! पण ओठांपर्यंत येऊन माघारी जायची.

"तुला येतं हे?" त्याने विचारलं.

"माझे बाबा वायरमन आहेत. सायकलच्या आधी मी तारेला डाख द्यायला, म्हणजे सोल्डरिंग करायला, शिकले." मी बाहेर आले आणि बझरची पेटी टेबलावर ठेवली. "आता तपासायला दोघं लागतात. तू लाल बटण, मी हिरवं. जो आधी दाबेल त्याचा दिवा लागणार, दुसऱ्याचं बटण बंद."

"नुसतं दाबण्यात काय मजा? मी प्रश्न वाचतो."

त्याने खिशातून प्रश्नांची कार्डं काढली. प्रश्न तो वाचणार, कार्डं त्याच्याच हातात, आणि तरी... हिरवा. हिरवा. पुन्हा हिरवा! तो अर्ध्या वाक्यात असायचा आणि मी उत्तर देऊन मोकळी. दहापैकी सात.

"तुझं बटण सैल आहे," तो म्हणाला.

"बटण नाही, तू ढिला आहेस."

मी जीभ चावली. हे मी बोलले? आम्ही बटणं बदलली. आता लाल दिवा लागायला लागला, कारण लाल माझ्याकडे होतं.

त्याने कार्डं खाली ठेवली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी हाती लागलेला एखादा जुना शिलालेखच होते.

"आमच्या संघातला तिसरा व्हॉलीबॉलला पळाला. शनिवारी अंतिम फेरी आहे. येतेस?"

"मी... बोलत नाही."

"मग मघापासून कोण बोलतंय?"

"बझर."

तो खळखळून हसला. "बरं, मग तू फक्त दाब. बोलणार मी. नियमच आहे – उत्तर मधल्या खुर्चीवरच्या कॅप्टननेच द्यायचं. तू माझ्या कानात सांग."

चार दिवस सराव झाला. मी दाबायचे, वाकायचे, कुजबुजायचे... आणि त्याचे कान लालबुंद व्हायचे.

"तुझ्या कानांतही दिवे लागतात वाटतं," मी म्हणाले.

"सैल वायर असेल," तो भूगोलाच्या वहीत तोंड लपवत म्हणाला.

शनिवार. सभागृह आमचं, बझर माझा, समोर इस्त्रीच्या ब्लेझरमधला पाहुणा संघ. शेवटच्या प्रश्नापर्यंत दोन्ही संघ बरोबरीत! आमची तिसरी, सातवीतली चिमणी, नखं कुरतडत होती. मागच्या रांगेत बाबा, कामावरून थेट आलेले, खिशाला अजून टेस्टर.

"घरातल्या तारांमध्ये तांबं वापरतात," सर वाचत होते, "पण त्याहूनही चांगली वीज वाहून नेणारा धातू..."

टर्रर्र!

"सोनं," आजोबा पुटपुटला आणि माईककडे झुकलाही. मी त्याची बाही खेचली.

"चांदी!"

"अगं, महागड्या यंत्रांत सोनंच असतं."

"ते गंजत नाही म्हणून! वीज चांदीतून जास्त चांगली वाहते. बाबा नेहमी म्हणतात, चांदीच्या तारा टाकायच्या तर आधी घर विकावं लागेल."

"दहा सेकंद," सर म्हणाले.

तो माईकपासून मागे सरकला. चुकलो असतो तर उत्तराची संधी समोरच्यांकडे, आणि विजेत्यांची ढालही त्यांच्याकडे. दोन वर्षं तो या ढालीसाठी झटत होता, हे साऱ्या शाळेला माहीत होतं.

"खात्री आहे?"

"आहे."

"मग तूच सांग." आणि चारशे जणांसमोर तो उभा राहिला. "सर, आम्ही कॅप्टन बदलतोय." सरांनी घड्याळावरून नजर न काढता मान डोलावली.

"वेडा आहेस का तू?" मी कुजबुजले.

"मधल्या खुर्चीवर बसेल तो कॅप्टन. बस ना गं... पाच सेकंद उरलेत."

मी बसले. खुर्ची त्याच्या उबेने अजून गरम होती.  पाचवीचा तो अख्खा वर्ग माझ्या कानांत हसायला लागला आणि मी त्या सगळ्यांच्या वरचढ ओरडले, "चांदी!"

इतक्या जोरात, की माईकने शिट्टी मारली. सभागृह हसलं. आणि काय सांगू... मीही हसले!

"बरोबर!"

चिमणी खुर्चीवर चढून नाचली. मागे बाबा शेजारच्या अनोळखी माणसाचा खांदा हलवून सांगत होते, "माझी मुलगी! बझरही तिचाच!" ढाल माझ्या हातात आली तेव्हा मी मान खाली घातली नाही. का घालू?

सगळे पांगल्यावर मी मंचावर बसून वायर गुंडाळत होते. तो दुसरं टोक धरून आला.

"एक सांगू? तू चुकली असतीस ना... तरी मी खुर्ची दिली असती."

"का?"

"कारण..." कान लाल. "अगं, त्या दिवशी टेबलाखालून तू बाहेर आलीस तेव्हापासून मला... म्हणजे, तू... तुला माझ्याबरोबर..."

पेटी माझ्या मांडीवरच होती. बॅटरीही अजून काढलेली नव्हती.

टर्रर्र!

हिरवा दिवा लागला.

"अगं, प्रश्न पूर्ण तरी होऊ दे!"

"तेवढं थांबायची मला सवय नाही," मी म्हणाले. मग ताठ बसले, अगदी मधल्या खुर्चीच्या थाटात, आणि रिकाम्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात उत्तर दिलं –

"हो!"