मकरगडाची चोरदिंडी

सह्याद्रीमागून वर येणारे पहाटेचे पहिले ऊन खाडीचे पाणी ओलांडून मकरगडाच्या महादरवाजावर जेथे पडते, नेमकी तेथे एक शिला बसविलेली आहे. तिच्यावरचा सरकारी मजकूर असा की, गनिमाने जलदुर्गास वेढा घातला, किल्लेदार सिद्दी रेहान गोळा लागून पडले, जनान्यातील हबशी स्त्रियांनी भयभीत होऊन आक्रोश मांडला, आणि अशा कठीण समयी नायब दिलावरबेग यांनी स्वहस्ते चोरदिंडी राखून पातशाहीची अब्रू वाचविली.

अक्षर सुरेख आहे. पाथरवटाने कसूर केलेली नाही. मजकुराविषयी तसे म्हणवत नाही. किल्लेदार पडले, हे खरे. नायबाचा हात दिंडीला लागला, हेही खरे. तो कशासाठी लागला, तेवढे शिलेने सांगायचे टाळले आहे. राहिला आक्रोश. तो झालाच नाही, आणि न झालेल्या त्या आक्रोशानेच नायबाची झोप उडविली होती.

किल्लेदाराची विधवा मरजानबीबी. मरजान म्हणजे पोवळे. समुद्रापलीकडून धरून आणलेल्या माणसांना रत्नांची नावे देऊन विकण्याची रसिकता दलालांपाशी होती. आईने ठेवलेले चाल्तू हे नाव मात्र त्यांना घेता आले नाही. गडावरच्या हबशी बायका एकांतात तिला त्याच नावाने हाक मारीत. मरतेसमयी रेहानने गडाच्या किल्ल्या भरल्या सदरेत तिच्या ओंजळीत ठेविल्या. तेव्हापासून रिवाजाप्रमाणे रोज पहाटे नायबाने किल्ल्यांचे तबक दोन्ही हातांनी उचलावे, मान लववून तिच्यापुढे धरावे आणि तिने स्पर्श केल्यावाचून मागे सरू नये, असा क्रम सुरू झाला.

दिलावरबेग मान लववी. पण लवलेल्या डोळ्यांनी तो सारे पाही. ती तटावरून चालली की तोफची न सांगता उठून उभे राहत. त्याच्यासाठी ते उठत, पण अंमळ उशिरा. ती शिपायांच्या पंगतीत शेवटची भाकरी घेई आणि कोणी काही बोलले तर मोठ्याने हसे. ते हसणे त्याला आपल्या दालनात ऐकू येई आणि त्या दिवशी त्याला घास गिळवत नसे. गनिमाने त्याला काय देऊ केले होते, याला महत्त्व नाही. किल्लेदारीची वस्त्रे मिळणार होती. परंतु त्याहून गोड वाटले ते हे की, ती बाई सदरेवरून खाली उतरविली जाईल.

आता मकरगडाची एक रीत सांगितली पाहिजे. पश्चिमेच्या खडकांत उघडणाऱ्या चोरदिंडीच्या बिजागऱ्यांना कधीही तेल घालायचे नाही, खाऱ्या वाऱ्याने त्या गंजू द्यायच्या, म्हणजे दार हलले की गडभर किंचाळी फुटते, अशी ती रीत. रेहान रोज सांजवेळी अडसर काढून दार जरासे आत ओढी, ते किंचाळले की समाधानाने परते. मरजानने तोच परिपाठ चालविला होता. एका सांजेस तिने दार ओढले आणि ते मुकाट्याने हलले.

तिने बिजागरीवर बोट फिरवून नाकाशी नेले. खोबरेल. वेढ्यामुळे गडावर दिव्यांनाही तेल मिळत नव्हते. जे होते ते कोठीत, आणि कोठी नायबाच्या ताब्यात.

तिची जुनी सोबतीण जुमाना म्हणाली, "आत्ताच बांधा मेल्याला! की त्याची आरती करायची आहे?"

"बांधला तर निम्मे शिपाई त्याच्या बाजूने तलवार काढतील. गनिमाला मग दिंडीची गरजच उरणार नाही."

"मग दार चिणून टाकू."

"चिणले तर उद्या तो दुसरे दार शोधील, फूफी. आज ते कोठून येणार हे मला ठाऊक आहे. उद्याचे ठाऊक नसेल. बायकांना बोलाव. मुसळे घेऊन यायला सांग. आणि तुझा ढोल."

"ढोल? लग्न आहे वाटतं कुणाचं?"

"आहे. वऱ्हाड खडकांवरून येतंय."

पहाटे ओहोटी पुरती उतरली. नायबाने दिंडीवरचा पहारेकरी नौबतखान्याकडे पिटाळला, अडसर स्वतःच्या हातांनी उतरविला आणि रोजच्यासारखे तबक उचलायला तो निघून गेला. बाजूच्या अंधाऱ्या कोनाड्यांत श्वास रोखून उभ्या असलेल्या बायका त्याला दिसल्या नाहीत; बायकांकडे पाहायचे ते त्यांच्या हसण्याचा हेवा करण्यापुरतेच, अशी त्याच्या नजरेला सवय झालेली होती.

दिंडी इतकी ठेंगणी की आत येणाऱ्यास वाकावेच लागे. पहिला वाकला तो उठला नाही, दुसराही नाही. मग बाहेरच्यांना उमगले आणि साऱ्या जमावाचा भार एकदम दारावर आला. मरजानने खांदा लाविला. फटीतून आलेला भाला तिच्या दंडातून आरपार गेला आणि तिला दारालाच खिळवून राहिला. एकीने तो उपसण्यास हात घातला, तेव्हा ती गरजली, "राहू दे! तो आहे तोवर मी पडत नाही!" पाठीमागे चौघीजणींनी तिच्या पाठीला पाठी लाविल्या, आणि जुमानाच्या ढोलाने सारा गड जागा केला. तोफची धावून आले. तोवर भरतीने खडक गिळायला आरंभ केला होता, आणि खडकांवरच्या गनिमांना ना पुढे वाट राहिली ना मागे.

कोरडी तलवार उपसून नायब सर्वांत शेवटी आला. "शाबास! गड राखिला!" तो ओरडला.

जुमाना म्हणाली, "नायबसाहेब, आधी हात धुऊन या. खोबरेलाचा वास मारतोय."

त्याच दिवशी वेढा उठला आणि दंडाला पट्टी बांधून मरजान सदरेवर बसली. पुढे दरबाराने काय केले ते सांगून टाकतो, कारण ते लवकर सांगण्याजोगेच आहे. नायबाचा चुलता वजिराच्या मर्जीतला. एका खानदानी सरदाराने गड विकला आणि खरीदलेल्या हबशिणीने तो राखला, हे दगडावर कोरणे वजिरास प्रशस्त वाटेना. दिलावरबेगाची प्रकृती एकाएकी नाजूक ठरली, त्यास जहागिरीवर विश्रांतीस धाडण्यात आले, आणि मागाहून ती शिला आली. मरजानने ती बसवू दिली. तिला तट दुरुस्त करायचा होता.

वेढा उठला त्या दिवशी सदरेवर तिने नायबाला न धमकाविले, न त्याच्यापुढे तलवार धरविली. "का केलंत?" एवढेच ती म्हणाली. साऱ्या शिबंदीच्या देखत, कोणी जुलूम केला नसताना, नायबाने दिलेले उत्तर शब्दशः असे:

"रेहानमियां गेले त्या दिवशी मी आपल्या दाराशी उभा होतो, बीबीसाहेब. वाटलं होतं, आपण रडत बाहेर याल, मला म्हणाल, दिलावरभाई, आता कसं करायचं. मी धीराचे शब्द मनाशी जुळवून ठेविले होते. आपण बाहेर आलात, डोळे कोरडे, आणि मला विचारलंत, कोठीत बारूद कोरडी किती आहे. मी सांगितलं. आपण म्हणालात, ठीक आहे, जा. मी गेलो. तेव्हापासून मला तुमचं तोंड पाहवत नाही."