डावीकडचा ब्रेक

तुम्ही विचारलं म्हणून सांगतो. एरवी हे मी घरीसुद्धा बोललेलो नाही.

लाखनीत हायवेच्या कडेला माझं गॅरेज आहे. सव्वीस वर्षं झाली, बहुतेक ब्रेकचीच कामं करतो. ही मागच्या नोव्हेंबरातली गोष्ट. दोन दिवस आभाळ दाटून होतं. पाऊस पडत नव्हता आणि ऊनही नव्हतं. कापलेला धान शेतात तसाच पडून होता आणि त्याचा ओलसर, कुबट वास रस्त्यापर्यंत यायचा. दुपारचे तीनच वाजले असतील, पण गॅरेजमध्ये मी दिवा लावला होता.

रेणू गाडी घेऊन आली. ही यादोरावांची मुलगी. यादोरावांचा ड्रायव्हिंग क्लास होता, अर्ध्या तालुक्याला त्यांनी गाडी शिकवली. ऑगस्टमध्ये शिकवता शिकवताच ते गाडीत गेले. हार्ट अटॅक. तेव्हापासून गाडी अंगणात झाकून ठेवलेली होती. आता क्लास रेणू चालवणार होती. सोमवारपासून पाच बाया शिकायला येणार होत्या.

"काका, याचा ब्रेक आपोआप लागते," ती म्हणाली. "काल हायवेवर लागला. मागून ट्रक होता... हातभर जागा उरली."

"चाक जाम होत असन. गाडी उभी होती ना इतके दिवस."

"चाक नाही. पेडल खाली जाते. माह्या पायाजवळून... आपल्या आपणच."

मी हसलो. ब्रेकबद्दल लोक काहीबाही सांगतात. गाडी जॅकवर घेऊन चारही चाकं हातानं फिरवली. पुढचं डावं चाक जड फिरत होतं आणि हात लावला तर गरम होतं. मला कारण सापडल्यासारखं वाटलं. त्या चाकाचा ब्रेक पाइप आतून फुगला होता, म्हणून ब्रेक सोडला तरी ऑइल परत येत नव्हतं. पाइप बदलला, काळं पडलेलं ऑइल काढून नवं भरलं, हवा काढली. चाक बोटानं फिरायला लागलं.

"चल, ट्रायल घेऊ," मी म्हणालो आणि स्टिअरिंगवर बसलो. रेणू मागच्या सीटवर बसली.

"मागं काहून बसली?"

"बाबाच्या सीटवर नाही बसत मी, काका."

तलावाच्या पाळीकडचा रस्ता मोकळा असतो, तिकडे निघालो. पाणी आभाळाच्याच रंगाचं झालं होतं. चाळीसचा वेग, इंजिनाचा बारीक आवाज, बाकी सगळं शांत. माझा पाय ॲक्सिलरेटरवर होता. आणि त्याच्या शेजारचं ब्रेकचं पेडल हळूहळू खाली जायला लागलं. एखाद्यानं बूट ठेवून दाबावं तसं, नेमकं आणि जोर लावून. गाडी थांबली. दोन क्षण पेडल तसंच खाली राहिलं. मग वर आलं.

"पाहलं ना?" मागून रेणू कुजबुजली.

ब्रेक बिघडला तर पेडल कडक होतं, पोकळ होतं, थरथरतं. आपल्या आपण खाली जात नाही. पण शिकवायच्या गाडीत शिक्षकासाठी डावीकडे दुसरा ब्रेक असतो. तो एका लोखंडी दांड्यानं मुख्य पेडलला जोडलेला असतो. तो दांडा कुठे अडकत असेल, तर मुख्य पेडल खाली ओढलं जाऊ शकतं. मी स्वतःला तसं समजावलं आणि गाडी परत आणली.

टॉर्च घेऊन मी डॅशबोर्डच्या खाली उताणा शिरलो. आत ओल्या पायपुसण्याचा वास होता. दांडा लोंबत होता. जोडाची पिन नव्हती, तिचं भोक मोकळं होतं.

म्हणजे डावीकडचा ब्रेक मुख्य पेडलला जोडलेलाच नव्हता. तो दाबला असता तरी काही झालं नसतं.

मी तसाच पडून राहिलो. ऑगस्टमध्ये यादोराव हाच जोड घट्ट करायला माझ्याकडे आले होते. मी पिन घातली होती. ती निसटू नये म्हणून तिच्या टोकाला एक बारीक तार वळवून लावतात. तेवढ्यात मला फोन आला होता, आणि तार... मी आठवून पाहिलं. तार लावल्याचं मला आठवेना.

त्यानंतर किती दिवसांनी ते गेले? सात? आठ?

"रेणू," मी खालूनच विचारलं, "बाबा गेले त्या दिवशी गाडी कोण चालवत होतं?"

"प्रवीण मास्तर. शाळेवरचे."

"ते काय म्हणत होते?"



"ते म्हणे, सर डावीकडं पाय आपटून राहिले होते. बोलत नव्हते, फक्त पाय आपटत होते... मास्तरले वाटलं, आपलं चुकलं म्हणून सर रागावले. म्हणून ते आणखी नीट चालवत राहिले. दोन किलोमीटर. मग पाय आपटणं बंद झालं."

मी डॅशबोर्डखालून बाहेर आलो. दिव्याभोवती किडे आपटत होते, तेवढाच आवाज.

"काय झालं, काका? काय सापडलं?"

"पिन पडली होती," मी म्हणालो. "नवी टाकतो."

एवढंच म्हणालो. तिनं माझ्याकडे विश्वासानं पाहिलं, आणि तेव्हा सांगायचं ते मी गिळलं.

पिन घातली, तार वळवली. तीन वेळा चाचपून पाहिली. या वेळी गाडी रेणूनं घेतली आणि डाव्या सीटवर मी बसलो. ब्रेक दाबून दाखवला, गाडी जागच्या जागी थांबली. तिला हायसं वाटलं. आम्ही पुन्हा पाळीकडे निघालो.

"काका, आता कायले दाबून राहिले?"

मी दोन्ही पाय वर घेतलेले होते. माझ्यासमोरचं डावं पेडल शांतपणे खाली जात होतं. दणका नाही, आपटणं नाही. सवयीचा माणूस गाडी कडेला घेतो, तशी गाडी कडेला येऊन थांबली.

मग गाडी डाव्या बाजूनं किंचित वर उचलली गेली. माणूस उतरल्यावर स्प्रिंग मोकळी होते तशी. आम्ही दोघंही जागेवरच होतो.

रेणूनं स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. "बाबा उतरले," ती म्हणाली आणि रडत राहिली. मी बाहेर पाहिलं. कापलेली शेतं, पाळ, पाणी. कोणी नव्हतं.

तिचा क्लास आता चांगला चालतो. गाडी परत कधी आपोआप थांबली नाही. मी तिला अजून काही सांगितलेलं नाही.

पण कोणाचीही गाडी दुरुस्त केली की ट्रायलला मला एकट्यालाच जावं लागतं. दार लावतो, चावी फिरवतो, आणि गाडी डावीकडे हळूच खाली बसते. थोडं पुढे गेलं की त्या बाजूचं पायपुसणं दाबलं जायला लागतं. एकदा, दोनदा, मग भराभर. लोकांच्या गाड्यांना तिथं ब्रेक नसतो. मी लगेच गाडी थांबवतो. थांबवली तरी पाय आपटणं बंद होत नाही.