फासन म्हणजे दोन बोटं सैल

"बाई, घट्ट धरायला इंग्रजीत काय काय म्हणतात, त्याचं पुस्तक हाय का?"

पालघरच्या वाचनालयात दमयंती राऊत काउंटरवर बसायला लागून दीड वर्ष झालं होतं. पण इतकं आगाऊ गिऱ्हाईक तिला अजून भेटलं नव्हतं. तिने मान वर केली. समोर खाकी पँटीतला एक उंच तरुण, हाताला ग्रीसचा वास, शर्टावर श्रावणसरीचे चार थेंब आणि चेहरा मात्र देवळात उभा असल्यासारखा गंभीर. "असली पुस्तकं इथे मिळत नाहीत," ती फणकारली. तेव्हा कुठे बिचाऱ्याला कळलं आपण काय बोलून बसलो ते. त्याचे कान लालबुंद झाले.

मग त्याने सगळं सांगितलं. त्याचं नाव बळवंत चुरी, घिवलीचा. बोईसरला पंपांच्या कारखान्यात फिटर, पण टेंपररी. सप्टेंबरात कायम करायची परीक्षा होती आणि ती घेणारा नवा साहेब मद्रासकडचा. साहेबाला मराठी येईना, हिंदीशी त्याचं वाकडं. दिवसभर नुसतं होल्ड, ग्रिप, क्लॅम्प, फासन, टायटन. सगळ्याचा अर्थ धरा नाहीतर आवळा असाच, मग एवढे शब्द कशाला, असं बळवंतला वाटे. एक म्हणता दुसरंच करून बसला की साहेब कपाळाला हात लावी.

दमयंतीला हसू आलं आणि दयाही आली. तिने डिक्शनरी काढली. शनिवारी आणि मंगळवारी पहिली पाळी सुटली की बळवंत एसटीने पालघरला यायचा, असं ठरून गेलं. कुणी ठरवलं ते विचारू नका. दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतील.

आता वाचनालयात बोलायला बंदी. भिंतीवर मोठ्या अक्षरांत पाटीच होती. त्यामुळे शिकवणी चालली ती हातांनी. तिने चिठ्ठीवर ग्रिप लिहायचं, त्याने तिच्या छत्रीची मूठ गच्च आवळून दाखवायची. क्लच लिहिलं की तिने पर्स छातीशी धरायची. क्लॅम्पला त्याने बोटांच्या चिमट्यात तिची वही पकडली आणि सोडायलाच तयार होईना. एकदा डिक्शनरीत क्लिंग आला. बळवंतने भुवया उंचावून विचारलं, हे कसं? दमयंतीने अर्थ वाचला, बिलगणे, आणि पटकन पान उलटलं.

"तो शब्द कारखान्यात लागत नाही," ती पुटपुटली.

"कारखान्याबाहेर... लागत असंल ना?"

तिने पाटीकडे बोट दाखवलं. पण त्या दिवशी तिने दोन पुस्तकांवर चुकीच्या तारखा मारल्या.

घरी मात्र वेगळंच चाललं होतं. तिचे वडील शांताराम राऊत यांचा पालघरजवळच्या माहीम गावात पानमळा. माणूस सरळ, पण बोलणं तोडून टाकल्यासारखं. शेजारच्या जमनाकाकीने वाचनालयातल्या त्या फिटरची गोष्ट कानावर घातली, तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं की पोराचं घराणं ठीक हाय, पण कायमचं पत्र आल्याबिगर आमी दारात उभा करणार नाय. शिवाय विरारचं एक स्थळ आलंच होतं. मुलगा बँकेत, अगदी कायम. ते लोक सप्टेंबरअखेर पाहायला येणार होते. म्हणजे बळवंतची परीक्षा आता एकट्या बळवंतची राहिली नव्हती. दमयंती त्याच्याहून जास्त घाबरली होती.

परीक्षेआधीच्या शेवटच्या मंगळवारी एकच शब्द उरला होता, फासन. टायटन त्याला येत होता, जीव खाऊन आवळायचं. मग फासन काय? दमयंतीने क्षणभर विचार केला. लहानपणापासून तिने एकच बांधणं मन लावून केलं होतं, पानवेलीचं. तिने वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याची सुतळी सोडली, बळवंतच्या मनगटाभोवती गुंडाळली, गाठ मारली आणि सुतळीखाली आपली दोन बोटं सरकवली. इतकी जागा ठेवायची, तिने खुणेने सांगितलं. वेल अशीच बांधतात, आवळली तर मरते. तिची बोटं त्याच्या नाडीवर होती आणि नाडी धाडधाड उडत होती. हा शब्द बळवंत जन्मात विसरणार नव्हता.

परीक्षा झाली त्या शनिवारी तो आला तो पडक्या चेहऱ्याने. दमयंती पाटीबिटी विसरून उठली आणि त्याला व्हरांड्यात घेऊन गेली.

झालं होतं असं. साहेबाने पंपाचं झाकण आठ बोल्टांवर बसवायला दिलं आणि म्हणाला, फासन. बळवंतने आठही नट लावले आणि प्रत्येक नट बरोबर दोन आटे सैल ठेवला. मग टायटनची वाट पाहत उभा राहिला. टायटन आलंच नाही. साहेबाने स्वतःच बटण दाबलं. बळवंत थांबा थांबा म्हणेपर्यंत झाकणाच्या चारी बाजूंनी पाणी उसळलं आणि साहेब टायसकट न्हाऊन निघाला. परीक्षा नापास. पुन्हा जानेवारीत.

दमयंतीला आपली सुतळी आठवली. "माझ्यामुळे झालं. तुम्ही सांगायचं ना, मला असंच शिकवलंय म्हणून."

"साहेबाने इचारलं, कोणी शिकवलं. मी नाय सांगितलं."

"का?"

"तुमचं नाव घिऊन त्याने तुमाला हसायला... मला नसतं चाललं." तो खाली बघत राहिला. "आनि तुमी सांगितलेलं चुकीचं असंल, हे माझ्या डोक्यातच नाय आलं."

ती घरी गेली ती थेट मळ्यात. शांतारामराव वेली बांधत होते. तिने एका दमात सगळं सांगून टाकलं. सुतळी, नाडी, साहेबाची आंघोळ, काही म्हणता काही ठेवलं नाही. आणि शेवटी म्हणाली, "बाबा, चूक माझी आहे. विरारच्या लोकांसमोर मी बसणार नाही. जानेवारीपर्यंत थांबेन, तेव्हा नाही झाला पास तर पुढच्या जानेवारीपर्यंत."

शांतारामरावांनी तोंड फिरवलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. रडतात की काय म्हणून ती घाबरली, तर ते हसत होते. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले.

"रोज बोल्ट आवळनारा फिटर," ते म्हणाले, "तू सांगितलंस म्हनून त्याने नट सैल ठिवला? हाताला ठावं असताना?"

"हो."

"दमे, तुझी आई गेल्यापास्नं मी हेच बघतोय, तुझं ऐकनारा कोन मिळंल. आनि मी कागूद मागत बसलो." त्यांनी डोळे पुसले. "विरारला कार्ड टाकतो उद्याच. त्या पोराला पुढच्या रविवारी जेवायला बोलाव."

मंगळवारी तिने हा निरोप बळवंतला सांगितला, तोही भर वाचनालयात आणि मोठ्याने. वर्तमानपत्रं वाचणारे चार पेन्शनर वळून बघायला लागले.

"पन मी टेंपररीच हाय अजून," बळवंत कसाबसा म्हणाला.

"मला तुम्ही हवे आहात. पत्र येईल तेव्हा येईल."

बळवंतने काउंटरवरचा तिचा हात धरला. पेन्शनरांतल्या एकाने घसा खाकरला, मग पेपर चेहऱ्यासमोर उंच धरला आणि बाकीच्यांनाही तसंच करायला लावलं.

परीक्षा जानेवारीत होती. लग्न मार्गशीर्षातच लागलं, टेंपररी नवऱ्याशी.