हळद पचवणारी भिंत

प्रयोगशाळेच्या टेबलावर भिंतीचा तुकडा पडला होता आणि त्यात पंजाच्या आकाराचं आरपार भोक होतं.

"वास्तुशांतीला घरच्या बाईंनी हळदीचा हात उमटवला आणि महिन्याभरात हे असं," वास्तुरचनाकार नीलकंठ हेमाडे म्हणाले. "लोक घराला अपशकुनी म्हणायला लागलेत."

डॉ. शर्वरी मगदूमला हसू आलं. ही जिवंत भिंत तिची निर्मिती होती, उसाच्या चिपाडावर वाढवलेल्या बुरशीची. तडा गेला की भिंत तो स्वतःच बुजवी, ओलावा सोडून घर गार ठेवी. तिच्या जोरावर हेमाड्यांनी सांगलीजवळ सपाट छपरांची, मोठ्या काचांची, एकही झाड न तोडता बेतलेली घरं उभी केली होती. साखर कारखान्यातल्या कामगारालाही ती परवडत होती.

"अपशकुन कसला? हळद बुरशीला मारते आणि आपली भिंत म्हणजे बुरशीच. हात उमटवू नका म्हणून सांगा."

"वास्तुशांतीच्या दिवशी? मलाच हाकलतील! माणसं बदलायच्या भानगडीत मी पडत नाही. तू भिंत बदल."

"बदलता येईल. खाद्यात थोडी थोडी हळद वाढवत न्यायची आणि जी बुरशी तगेल तिचीच पैदास करायची. शेवटी ती हळदीवरच पोसेल. इथल्या उन्हाळ्यात टिकायला तिला तापत्या पेटीत असंच तयार केलं होतं."

"मग अडलंय कुठे? पुढचे मुहूर्त तोंडावर आलेत."

मुहूर्त गाठायचे म्हणून शर्वरीनं एक चाचणी गाळली: ही नवी बुरशी माणसाच्या उघड्या जखमेत वाढते का, ही. भिंतीला जखम कोण लावणार, असं तिला वाटलं.

वर्षभरानं ती वसाहतीत पाहणीला गेली. भिंती तुकतुकीत होत्या. हळदीचे हात त्यांत जिरून गेले होते आणि घरानं आपल्याला मानून घेतलं, असं लोक कौतुकानं सांगत होते. शर्वरी मनातून फुलून गेली.

सुमन पाटोळेनं तिला आग्रहानं चहाला बसवलं. तिची पाच वर्षांची गौरी लंगडत आली. गुडघ्याला फडकं होतं.

"खेळताना भिंतीला घासली," सुमन म्हणाली. "हळद दाबतोय बघा ताई, तरी भरंना. वाढतच चाललंय. म्हणून आता दोनदा दाबतोय."

शर्वरीनं फडकं सोडलं. पिवळ्या थराखाली पांढरे तंतू मांसात शिरले होते. ते तिनं लगेच ओळखले. एरवी अशा बुरशीला माणसाच्या अंगाची ऊब सोसत नाही. हिला सोसत होती, कारण तिनंच तिला उन्हात तगायला तयार केलं होतं. आणि आई रोज मायेनं त्या बुरशीला हळद खाऊ घालत होती. शर्वरीला स्वतःची शिसारी आली.

"सुमनताई, हळद बंद करा. हिला आत्ता दवाखान्यात न्यायचंय. आणि पुन्हा या घरात राहायचं नाही."

"का? घराला काय झालं?"

"घराला काही झालेलं नाही. घर ठणठणीत आहे. चूक माझी आहे."

सुमनला काही उमगलं नाही. "तुमची कशानं चूक? तुमच्यामुळंच तर डोक्यावर छप्पर आलं."

शर्वरीनं पोरीला उचललं आणि ती गाडीकडे धावली. पोरीच्या रडण्यानं शेजारची बाई दारात आली.

"अगं बया, रगत आलं की गुडघ्याला! थांबा ताई, हळद आणतो," असं म्हणत ती लगबगीनं आत पळाली.