जिन्याजवळचं पार्किंग

जानेवारीतल्या एका रविवारी, वारज्यातल्या सोसायटीत अभिनव गाडीची किल्ली फिरवत होता आणि गाडी नुसतंच ‘टक्’ म्हणत होती.

“सरका जरा.”

त्याने बॅटरीवाल्याला फोन केला होता, आली बॅटरीवाली. एका हातात जादा बॅटरी, खांद्यावर केबल, कपाळावर काळ्या तेलाची रेघ... टिकलीपेक्षा शोभून दिसणारी.

“मी दीपमाला, खडकीहून रिक्षाने आले. गाडी शेवटची कधी बाहेर काढलीत?”

“दिवाळीत. पण रोज पुसतो.”

“पुसून चार्ज होत नाही हो.”

“दर रविवारी दोन मिनिटं चालूही करतो!”

“म्हणजे दर रविवारी थोडी थोडी मारता.”

इतका गोड अपमान अभिनवचा आजवर कुणी केला नव्हता.

गाडी न हलवण्याला कारण होतं. जिन्याजवळची, छपराखालची ही जागा कुणाच्याच नावावर नव्हती. गाडी ज्याची उभी, जागा त्याची. समोरच्या गॅलरीतून श्यामसुंदरकाका तीन वर्षं तिच्यावर नजर ठेवून होते; दिवाळीत ते गावाला गेले, तेवढीच गाडी हलली. त्यामुळे अभिनव ऑफिसला बसने जायचा आणि गाडी घरी बसून जागा राखायची.

दीपमालाने केबल जोडली. इंजिन खोकलं, मग गुरगुरलं.

“आता तासभर चालवा. नाहीतर पुन्हा मरेल.”

“मेली तर... तुम्ही याल?”

“उद्यापासून मी विश्रांतवाडीच्या दुकानात. इकडे संजयदादा येतील. मिशा आहेत त्यांना.”

ती केबल गुंडाळू लागली. शेवटचा वेढा पडायच्या आत अभिनवने तोंड उघडलं.

“मी—सोडू का तुम्हाला? खडकीपर्यंत?”

“आणि ते?” तिने मानेने दाखवलं. इंजिनचा आवाज ऐकून काका माकडटोपीत खाली आले होते. हातात स्वतःच्या गाडीची किल्ली.

अभिनवने एकदा जागेकडे पाहिलं. एकदा दीपमालाकडे.

“काका, लावा तुमची गाडी.”

“तू येईपर्यंतच ना रे?”

“कायमची लावा.”

काका पायरीवर बसले. “ताप आहे का तुला?”

दीपमाला पुण्यात वाढलेली. अंगठी कुणीही देतं; छपराखालचं पार्किंग कुणी सोडल्याचं तिच्या ऐकिवात नव्हतं. तिने बॅटरी डिकीत ठेवली आणि पुढचं दार उघडून बसली.

गाडी हायवेला लागली.

“एवढी जागा घालवलीत,” ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. “नुसतं विचारलं असतंत, तरी मी हो म्हणाले असते.”

“कशाला?”

“सध्या... चहाला.”

अभिनव इतका हसला की मागच्या ट्रकने हॉर्न दिला. खडकीकडे वळायचा रस्ता आला. दोघांनाही तो स्पष्ट दिसला.

“तास झाला नाही अजून,” दीपमाला म्हणाली. “सरळ घ्या.”