न वाढणारा टिल्लू

"डॉक्टर, शेजाऱ्यानं आमच्या टिल्लूला विष घातलं हो!" कुत्री पाळून विकणारे काका फोनवर नुसते ओरडत होते.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई तशाच निघाल्या. टिल्लू पिंजऱ्यात, जुन्या सतरंजीवर, निजल्यासारखा मरून पडला होता. तीन वर्षांचा जर्मन शेफर्ड, पण अंगानं बोक्याएवढा. मेंदूतली वाढीची ग्रंथीच जन्मापासून अधू. गिऱ्हाइकांना त्याचं काय! "अय्या, कित्ती गोड! असाच राहणार का हो?" म्हणत त्याला उचलून फोटो काढायची. आजारच गोंडस दिसला की त्याला आजार म्हणतो कोण?

उलटी नव्हती, तोंडाला फेस नव्हता. मानेवरचे केस मात्र गळून कातडी काळी पडली होती.

"गेले काही दिवस कसा होता?"

"गारठलेला. उन्हातून हलायचा नाही," काकू कशाबशा म्हणाल्या. रडून रडून डोळे सुजले होते त्यांचे.

"मी दिलेली रोजची गोळी चालू होती?"

"म्हणजे काय! चीजच्या तुकड्यात मी स्वतः भरायचो," काका ठसक्यात म्हणाले. "ही नेऊन द्यायची."

शेजारच्या पिंजऱ्यात टिल्लूची आई येरझारा घालत होती. सकाळच्या गारव्यातही धापा टाकत होती, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा.

"हिला काय झालंय?"

"देव जाणे. दुप्पट खाते नि वाळत चाललीय."

बाईंनी तिच्या छातीला हात लावला. काळीज नुसतं धडधडत होतं. त्यांनी तिचं रक्त काढून घेतलं आणि त्या ते तपासायला निघाल्या.

संध्याकाळी त्या परत आल्या तेव्हा दोघं स्वयंपाकघरात बसली होती.

"शेजाऱ्याचं नाव सोडा, काका. विष कुणीच घातलेलं नाही. टिल्लूच्या गळ्यातली ग्रंथीही झोपलेली होती. तिचं काम ती गोळी करायची. गोळी बंद झाली की केस जातात, अंग गार पडतं, शेवटी हृदय थकतं. आणि तीच गोळी धडधाकट कुत्रीला मिळाली तर? भूक वाढते, अंग झडतं, छाती धडधडते. आईच्या रक्तात ते औषध भरलंय. तुकडा तुम्ही भरायचात. पण नेऊन द्यायचं कोण?"

काका गर्रकन वळले. "तू?"

"हो, मीच!" काकूंचा बांध फुटला. "टाकली असती तर तुम्हाला दिसली असती, म्हणून त्याच्या आईला घातली. गोळ्यांनी अंग धरलं की विकून टाकू, असं तुम्हीच म्हणायचात ना? जे जे मोठं झालं ते गेलं या घरातून. एवढा एक तरी राहू दे म्हटलं मला!"

"अगं, मी थट्टेनं..."

"मला एकदा विचारायचं तरी, काकू," बाई म्हणाल्या.

"दवाखान्यात हेच यायचे. मला कोण विचारतंय?"

बाईंचा राग कुठल्या कुठे गेला. "ती गोळी वाढीची नव्हती हो. जगण्याची होती. टिल्लू मोठा होणारच नव्हता."

"कधीच?"

"कधीच नाही."



"म्हणजे माझ्याजवळच राहिला असता की हो तो," काकू म्हणाल्या.