ओवाळलेली नोट

गुडघा धरलाय म्हणून चाकाच्या खुर्चीत बसले, हौस नव्हती. पिंपळगावात अजून द्राक्षाच्या शेडवर माझीच नजर असते. पण ओझरच्या विमानतळावर गाडीतून उतरल्याबरोबर सोडायला आलेल्या धाकट्या सुनेनं, उज्वलानं, खुर्ची मागवली आणि वर अक्कल शिकवली.

"आत्याबाई, खुर्चीवाल्याला पैसे देऊ नका. त्यांना पगार असतो."

"तू गप. ढकलणाऱ्याला रिकाम्या हातानं लावायची आमच्यात रीत नाही."

खरी गोष्ट तिला कुठं माहीत? थोरला लेक चंदर दिल्लीच्या दवाखान्यात, त्याच्याकडंच निघाले होते. आज छातीचं ऑपरेशन. सकाळी फोनवर त्याचं उतरलेलं तोंड बघितलं, दार लावून घेतलं आणि शंभराची नोट त्या फोनवरूनच ओवाळली. असा पैसा घरात ठेवत नाहीत. वाटेत परक्याला द्यायचा, म्हणजे पीडा त्याच्यासोबत जाते. घेणाऱ्याला सांगायचं नसतं.

खुर्चीवाला चाळिशीचा असंल. शर्टाला कडक इस्त्री. बाकीचे खुर्चीवाले म्हाताऱ्यांच्या कानाशी लागलेले, आज्जी पाणी आणू का, आज्जी गार लागतं का. सगळं नोटेसाठी. हा मात्र तोंड उघडंना. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. न बोलणारा जास्त मागतो.

तपासणीच्या पडद्याआड पोलीसबाईनं विचारलं, "आज्जी, सोबत कोणी नाही का?"

"हा काय, पडद्याबाहेर उभाय."

तिनं पडदा सारून बघितलं. मग माझ्याकडं बघत पुढच्या बाईला हाक मारली.

बाहेर ऊन रणरणत होतं, तरी खुर्चीच्या दांड्याला हात लागला तर तो विहिरीतल्या कळशीसारखा गार. विमानापाशी त्यानं खुर्ची थांबवली. मी कनवटीची नोट सोडून पुढं केली. त्यानं हात मागं घेतला.

"ही नको, आज्जी."

"का? कमी पडली?"

"दुसरी द्या. दहाची द्या. ही ओवाळलेली हाय."

"कोणी सांगितलं रं तुला?"

"ही घेतली की मला परत फेरी मारावी लागती. ठेवा तुमच्यापाशी."

अख्खी हयात मजुरांशी हुज्जत घालण्यात गेली. नको म्हणणारा भाव वाढवतो, हे मला चांगलं ठाऊक.

"फेरीचं नाटक मला सांगू नको. लय बघितलेत तुझ्यासारखे." मी नोट त्याच्या खिशात कोंबली.

तो खिशाकडं बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "ज्यांच्यावरून ओवाळली, ते कुठं हायेत?"

"दिल्लीला. तुला काय करायचंय?"

त्यानं नुसती मान हलवली.

विमानात खिडकीची जागा मिळाली. फोन बंद करायला काढला, तर उज्वलाचा फोन वाजायला लागला.

मी उचलला नाही. माझी नजर खाली होती.

बाकीचे खुर्चीवाले रिकाम्या खुर्च्या एका हातानं ढकलत माघारी निघाले होते.

हा तिथंच उभा. वाकला. पाय ठेवायच्या पट्ट्या खाली केल्या. आधी एक, मग दुसरी.

मग रिकाम्या खुर्चीचा पट्टा आवळला.

फोन वाजतच होता.

पुढं थोडा उतार होता. खुर्ची निसटू नये म्हणून तो अंग मागं टाकून, दोन्ही हातांनी ती आवरत चालला होता.